मागच्या दाराचं कुलूप आणि दोनशे दहाचं कोटेशन

दुपारची सुट्टी संपत आली होती. स्टोअर सांभाळणारे काका ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, पॅनेलपाशी काहीतरी करपल्याचा वास येतोय. जरा चला."

आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे. मशीन आणि माणसं दादा बघतो, हिशेब आणि खरेदी माझ्याकडे. मी गेले तोवर दादाने मेन स्विच पाडला होता. पॅनेलच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला, इतका तो तापला होता. दार उघडलं तर आत एका टर्मिनलपाशी वायरचं आवरण वितळून काळं पडलेलं, शेजारच्या प्लॅस्टिकला फोड आलेले. ज्वाळा नव्हती. पण पॅनेलच्या खाली, जेमतेम हातभर अंतरावर, कटिंगच्या कात्रणांनी भरलेली दोन पोती ठेवलेली होती. भिंतीवरचा फायर एक्स्टिंग्विशर मी उतरवला. त्याचा काटा लाल पट्ट्यात होता आणि तपासणीच्या चिठ्ठीवर तीन वर्षांपूर्वीची तारीख.

इलेक्ट्रिशियनने कारण दहा मिनिटांत शोधलं. टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला होता. ढिल्या सांध्यात रोध वाढतो, तिथे उष्णता तयार होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सहा महिन्यांपूर्वी आम्ही पंचिंगचं नवं मशीन लावलं, तेव्हापासून त्या लाइनवरचा भार दीडपट झाला होता. म्हणजे त्या सांध्यातली उष्णता सव्वादोन पट झाली होती. स्क्रू तोच आणि वायरही तीच. टर्मिनल बदललं, पोती हलवली, एक्स्टिंग्विशर भरायला पाठवला आणि संध्याकाळी मशीन पुन्हा सुरू झालं. दादाचं म्हणणं होतं की विषय संपला. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पुढच्याच महिन्यात विम्याचं नूतनीकरण होतं, म्हणून मी एका फायर सल्लागार मॅडमना बोलावून घेतलं. त्या दिवसभर फिरल्या. थप्प्यांची उंची टेपने मोजली, जिन्याखाली डोकावल्या, मागच्या दाराला लावलेल्या कुलपाचा फोटो काढला. दोन आठवड्यांनी अहवाल आणि आगीपासून बचावाच्या यंत्रणेचं अंदाजपत्रक आलं.

रुपयांतले आकडे इथे देत नाही, ते ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे वेगळे असणार. मी केलेली सोय अशी की आमचा वर्षाचा नफा १०० धरला आणि बाकी सगळं त्या मापात लिहिलं. तुलना करायला हे बरं पडतं, आणि बैठकीत "एवढे पैसे!" म्हणून कुणी दचकत नाही. त्या मापात अंदाजपत्रक होतं २१०. शिवाय देखभालीला दर वर्षी ८.

दादाने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं झाली, आधी बाबांनी हा कारखाना चालवला, मग आपण. एकदाही आग लागली नाही. दोन वर्षांचा नफा पाइपात घालायचा?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्याच पैशात जुनं प्रिंटिंग मशीन बदलता आलं असतं आणि ते मशीन पहिल्या दिवसापासून कमावलं असतं. आगीच्या यंत्रणेतून काही उत्पन्न येत नाही. तिचा फायदा म्हणजे एखादी गोष्ट न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद खातेवहीत कुठे करणार? म्हणून मी ठरवलं की भीतीने होकार द्यायचा नाही आणि कंटाळ्याने नकारही द्यायचा नाही. हिशेब मांडून बघायचा.

पहिला प्रश्न: मोठी आग लागली तर आमचं जाईल किती? इमारत, मशीन, माल, आठ महिने बंद पडलेलं काम, त्या काळातले पगार, तोवर दुसरीकडे वळलेले ग्राहक, असं सगळं धरून १५०० आले. विमा यातलं बरंचसं भरून देईल असं माझ्या मनात होतं. पॉलिसी ओळ न् ओळ वाचायला बसले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. मशीनची विम्याची रक्कम मी घसारा वजा जाता उरलेल्या खात्यातल्या किमतीवर भरली होती. तीच मशीन आज नवी घ्यायची तर खर्च कितीतरी जास्त. आणि विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. १०० किमतीच्या मालाचा विमा ६० चा असेल आणि नुकसान ३० चं झालं, तर हातात ३० नाही, १८ पडतात. हे कलम पॉलिसीत पहिल्यापासून होतं. मी ते वाचलं नव्हतं. त्याच आठवड्यात रक्कम दुरुस्त केली. तरीही १५०० पैकी ७०० आमच्याच अंगावर राहत होते. बंद काळातलं नुकसान वेगळं कव्हर घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि गेलेला ग्राहक परत आणून देणारी पॉलिसी मला कुठे दिसली नाही.

दुसरा प्रश्न: अशी आग किती वर्षांत एकदा लागेल? मॅडमनी आकडा द्यायला साफ नकार दिला. "तुमच्या एका कारखान्यासाठी तो आकडा कुणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. म्हणून मी उलट्या बाजूने गेले. यंत्रणा २० वर्षं टिकेल असं धरलं, तर २१० चे वर्षाला साडेदहा आणि देखभालीचे ८, मिळून साडेअठरा. ७०० ला साडेअठराने भागलं की सुमारे ३८. म्हणजे मोठी आग ३८ वर्षांत एकदा लागणार असेल तर खर्च बरोबरीत सुटतो, त्याहून क्वचित लागणार असेल तर नुकसानीत जातो. माझ्या मनातला आकडा २०० वर्षांत एकदा असा होता. त्याने वर्षाचं सरासरी नुकसान निघतं साडेतीन. साडेतीन वाचवायला साडेअठरा घालायचे, हे कुठल्या हिशेबनीसाला पटेल?

दादाला हा कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला, "बघ, मी काय सांगत होतो."

पण दोन गोष्टी मला खुपत राहिल्या. एक त्याची चाळीस वर्षं. समजा आगीची शक्यता खरोखरच ३८ वर्षांत एकदा इतकी आहे. तरीही सलग ४० वर्षं काहीच न घडण्याची शक्यता किती? कॅल्क्युलेटरवर ३७ भागिले ३८ चा चाळिसावा घात काढला. उत्तर आलं ०.३४. म्हणजे असे तीन कारखाने घेतले तर सरासरी त्यातला एक चाळीस वर्षं सुखरूप जाणार, आणि त्याच्या मालकाला वाटणार की आपल्याकडे धोका नाही. आमची चाळीस वर्षं आम्हाला फार काही सांगत नव्हती. शिवाय त्या चाळीस वर्षांतली बहुतेक वर्षं नवं मशीन नसताना गेली होती, आणि थप्प्याही तेव्हा अर्ध्या उंचीच्या होत्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर्षाला साडेतीन असं नुकसान कधी होतच नाही. होतं तेव्हा एका रात्रीत ७०० होतं, आणि आमच्याकडे हातात शिल्लक असते १५० ची. बाकीचे ५५० कुठून आणायचे? बँक जळलेल्या कारखान्यावर कर्ज देत नाही. सरासरी काढली की मोठा धक्का लहान लहान तुकड्यांत वाटला जातो आणि कागदावर पेलण्यासारखा दिसतो. विम्याचंही तसंच आहे. सरासरीने बघितलं तर विम्यात प्रीमियम भरणाऱ्याचा तोटाच असतो, कारण कंपनीचा खर्च आणि नफा त्यातूनच निघतो. तरी आम्ही तो वर्षानुवर्षं बिनतक्रार भरतो, कारण जे झेपणार नाही ते आपण टाळतो. मग आगीच्या यंत्रणेला तेवढी सरासरीची कसोटी का लावायची?

यानंतर मी अंदाजपत्रकाकडे एक रक्कम म्हणून बघणं सोडलं. ओळी सुट्या केल्या. आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त उपयोग झाला तो याचा. २१० पैकी १५० एकट्या स्प्रिंकलरचे, म्हणजे आग लागताच छतावरून आपोआप पाणी शिंपडणाऱ्या नळांचे होते, टाकी आणि पंप धरून. गोदाम आणि मशीन हॉलच्या मधली भिंत आणि आग अडवणारं दार (फायर डोअर) १८, सर्व्हरच्या खोलीतली गॅसने आग विझवणारी यंत्रणा १६, पाण्याचा पाइप जोडायचे नळ (हायड्रंट) १२. उरलेल्या १४ मध्ये काय काय होतं बघा: पॅनेलची दुरुस्ती आणि दर वर्षी थर्मल कॅमेऱ्याने तपासणी, धुराचे डिटेक्टर आणि भोंगा, वीज गेल्यावर लागणारे दिवे, एक्स्टिंग्विशर, माणसांचं प्रशिक्षण, जिन्याखालची जागा मोकळी करणं आणि मागच्या दाराला आतून ढकलताच उघडणारा आडवा दांडा. माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेलं जवळजवळ सगळं त्या १४ मध्ये होतं, आणि आम्ही २१० चा आकडा बघून त्या १४ लाही नाही म्हणायला निघालो होतो.

मागच्या दाराबद्दल थोडं लिहायला हवं. ते दार चोरीच्या भीतीने बंद होतं. दोन वर्षांपूर्वी तिथून माल गेला, तेव्हापासून कुलूप आणि किल्ली दादाच्या केबिनमध्ये खिळ्याला. त्या दिवसांत मी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीबद्दल वाचत होते. २५ मार्च १९११. आग आठव्या मजल्यावर लागली आणि वर चढली. नवव्या मजल्यावरच्या जिन्याचं एक दार कुलपात होतं, कारण कामगारांनी एकाच वाटेने, झडती देऊन बाहेर पडावं असा नियम. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. मालक फौजदारी खटल्यातून सुटले. पुढे १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांची तडजोड झाली, ती प्रत्येक मृतामागे ७५ डॉलरवर. त्या मालकांनी खर्च आणि फायदा मांडला असता तर त्यांच्या कागदावर दाराला कुलूप लावणंच परवडलं असतं. कारण आगीचं खरं नुकसान त्यांच्या वहीत आलंच नाही, ते दुसऱ्यांच्या घरात गेलं.

ते वाचून मी माझा कागद पुन्हा उघडला. त्यातही माणसांचा रकाना नव्हता. ७०० मध्ये मशीन होती, माल होता, ग्राहक होते. पाळीला असलेली ३४ माणसं कुठेच नव्हती. अर्थशास्त्रात यावर एक पद्धत आहे. लहानसा धोका कमी करण्यासाठी माणसं स्वतः किती पैसे मोजतात यावरून एका सांख्यिकी आयुष्याचं मूल्य काढतात. ते कुणा एका माणसाची किंमत नसते, आणि रस्ते किंवा वाहनांचे नियम ठरवताना त्याचा उपयोग होतो हे मला मान्य आहे. पण काकांना रोज समोर बघत तो आकडा लिहायला माझा हात धजेना, आणि गरजही पडली नाही. आतून उघडणाऱ्या दांड्याचा खर्च होता ०.३. त्यासाठी कुठलं मूल्य काढायचं? मी दादाला सांगितलं की सुखरूप बाहेर पडण्यासाठी जे लागतं ते चर्चेला ठेवायचंच नाही. ते पगारासारखं धरायचं. तोलून बघायचं ते उरलेल्या १९६ चं.

तो काही बोलला नाही. उठला, केबिनमधून किल्ली आणली आणि कुलूप काढून टाकलं. दांडा बसेपर्यंत तिथे रात्रीचा वॉचमन बसवला. चोरीसाठी नंतर त्या दाराला उघडताच वाजणारी घंटी लावली, आणि ती पुरेशी ठरली आहे.

उरलेल्या १९६ वर आम्ही महिनाभर घासाघीस केली, एकमेकांशी आणि मॅडमशीही. स्प्रिंकलरबद्दल माझ्या मनात चुकीचं चित्र होतं की आग लागली की सगळीकडून पाणी कोसळतं आणि आगीतून वाचलेला पुठ्ठा भिजून जातो. तसं नसतं. प्रत्येक तोंडात द्रव भरलेली काचेची इवलीशी नळी असते. नेहमीची लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि फक्त तेच तोंड उघडतं. मॅडमनी एक तोंड माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी, आत लाल द्रव आणि हवेचा एक बुडबुडा. गरम झालं की द्रव प्रसरण पावतो आणि काच फोडतो. ना वीज, ना सेन्सर. के-८० जातीच्या तोंडातून एक बार (साधारण वातावरणाच्या दाबाइतक्या) दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी येतं. आग भडकल्यावर येणाऱ्या बंबाच्या पाण्यापुढे हे काहीच नाही.

मग १५० कशाला लागतात? उत्तर होतं आमच्या थप्प्यांच्या उंचीत. मॅडमनी कागदावर गुणाकार करून दाखवला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमच्या पाच मीटरच्या थप्प्यांसाठी त्यांनी धरलं होतं मिनिटाला १० मिलिमीटर, २६० चौरस मीटरवर, ९० मिनिटं. होतात २,३४,००० लिटर. "थप्पी तीन मीटरच्या आत ठेवलीत तर मी मिनिटाला ५ मिलिमीटर, २१६ चौरस मीटर आणि ६० मिनिटं धरू शकते." म्हणजे ६४,८०० लिटर. टाकी चौथाईपेक्षा थोडी मोठी, पंप लहान, पाइपही बारीक. १५० चे ८२ झाले.

अर्थात ही बचत फुकटची नव्हती. पाचाचे तीन मीटर केले की गोदामाची चाळीस टक्के साठवण जाते. थप्पीचा माथा आणि स्प्रिंकलरचं तोंड यांत साधारण अर्धा मीटर मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर पाणी पसरत नाही. काकांनी गोदाम उपसलं तेव्हा मागच्या रांगेत चार वर्षांपूर्वीच्या, रद्द झालेल्या ऑर्डरचा माल निघाला. तो रद्दीत गेला. बाकीच्यासाठी पुठ्ठा लहान लॉटमध्ये घ्यायला लागलो, त्यात घाऊक सवलत गेली, वर्षाला २. हा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हता. मी तो जोडला.

गॅसची यंत्रणा सोडून दिली. सर्व्हरमध्ये जपायचं होतं ते त्यातला डेटा, आणि त्याची प्रत रोज बाहेर ठेवण्याचा खर्च १६ च्या मानाने नगण्य आहे. खोलीत कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर ठेवला, कारण पावडर इलेक्ट्रॉनिक्सवर बसली की ते वाचूनही वाया जातं. मधली भिंत आणि फायर डोअर ठेवलं. ट्रॉली नेणारी मुलं त्या दाराला लाकडाचा ठोकळा लावणार हे मला माहीत होतं, आणि ठोकळा लावलेलं फायर डोअर म्हणजे साधं भोक. म्हणून चुंबकाने उघडं राहणारं आणि भोंगा वाजताच सुटून आपोआप बंद होणारं दार घेतलं. थोडं महाग पडलं.

शेवटचा कागद असा: १४, ८२, १८ आणि १२, एकूण १२६. वीस वर्षांत वाटले तर वर्षाला ६.३. देखभाल ६. गेलेली सवलत २. विम्यात मिळालेली सूट ०.८ वजा. म्हणजे साडेतेरा. बरोबरी आता सुमारे ५२ वर्षांत एकदा या शक्यतेवर येते. माझ्या २०० वर्षांच्या अंदाजाने हा सौदा अजूनही सरासरीत बसत नाही, हे मी दादापासून लपवलं नाही. उलट यंत्रणा दर वेळी शंभर टक्के चालेल असं मी धरलं होतं, तेही त्याला सांगितलं. तो बराच वेळ कागद बघत होता. मग म्हणाला, "प्रिंटिंग मशीन दोन वर्षं पुढे ढकलू." मशीन ढकलण्याचा तोटाही मी खाली लिहून ठेवला आहे, कारण तोही याच निर्णयाचा खर्च आहे.

काम चालू असतानाच पहिला सराव घेतला. भोंगा वाजला आणि लोक एकमेकांकडे बघत उभे राहिले. काहीजण डबे आणायला गेले. दोघे मागच्या दाराकडे धावले, तर तिथे पॅलेट रचून ठेवलेली. ३४ माणसं बाहेर यायला ५ मिनिटं १० सेकंद लागले. मॅडमनी आधी सांगितलं होतं की आगीच्या वाढीचे ठरावीक वेग मानतात. त्यातल्या 'वेगवान' आगीला एक मेगावॉट उष्णतेपर्यंत जायला साधारण १५० सेकंद लागतात आणि 'अतिवेगवान' आगीला ७५. रचलेली खोकी या दोन्हींच्या आसपास येतात. सहा किलोचा पावडरचा एक्स्टिंग्विशर तर १५ ते २० सेकंदांत रिकामा होतो. तिसऱ्या सरावाला आम्ही १ मिनिट ५० सेकंदांवर आलो. पॅलेटच्या जागी आता जमिनीवर पिवळा चौकोन आहे आणि त्यात काही ठेवलेलं दिसलं की काका स्वतः उचलून बाजूला करतात.

यंत्रणा बसून आता आठ महिने झाले. चौथ्या महिन्यात शनिवारच्या चाचणीत डिझेल पंप सुरूच झाला नाही. बॅटरी उतरली होती. चार्जरचा प्लग कुणीतरी ड्रिल लावायला काढला होता आणि परत लावला नव्हता. त्या आठवड्यात आग लागली असती तर १२६ पैकी ८२ भिंतीवर नुसते टांगलेले राहिले असते. मी बॅटरी बदलून घेतली, चार्जरची वायर प्लगऐवजी थेट जोडून घेतली आणि खर्च देखभालीत टाकला, ०.१. पंपाच्या खोलीत आता एक वही टांगलेली आहे. दर शनिवारी काका पंप दहा मिनिटं चालवतात, दाब आणि डिझेलची पातळी लिहितात, आणि खाली दादा सही करतो.